उरलेल्या गोळ्यांचा शेजारधर्म

संकटात शेजारी धावून येणे, हा मानवी संस्कृतीचा पाया होय. आमच्या वरवंड गावात शेजारी धावतात ते उरलेल्या गोळ्या घेऊन. (नुसती केळी आणणारा माणूस शिकलेला, पण कोरडा समजला जातो.)

व्यवस्था सोपी आहे. डॉक्टर पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या देतात, शहाण्या माणसाला दुसऱ्याच दिवशी बरं वाटतं. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात जातात आणि पुढच्या गरजूची वाट बघतात. गोळी घशाची की गळवाची, असला भेदभाव आम्ही करत नाही. नव्वद टक्के ग्रामस्थ या पद्धतीवर समाधानी आहेत. (उरलेले दहा टक्के तापात असल्याने बोलू शकले नाहीत.)

मारुतरावांना लघवीला जळजळ सुरू झाली, तशी अख्खी आळी डबे घेऊन आली. आराम पडला, की गोळी बंद. पुन्हा जळजळ, पुन्हा डबे. शेवटी दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडात खडा आहे, ऑपरेशन करावंच लागेल. पण आधी लघवीतले जंतू मारायला हवेत, नाहीतर ते रक्तात शिरतील आणि माणूस हातचा जाईल. कोणतं औषध लागू पडेल, ते बघायला लघवी तपासणीला गेली.

रिपोर्ट आला. डॉक्टर एकेक औषध वाचत गेले आणि पुढं ‘निरुपयोगी’ म्हणत गेले.

“अगं बया, ही तर माझी गोळी!” सोबत आलेल्या शेजारीण शेवंताबाई हरखून म्हणाल्या.

जंतूंनी एकाही घराचा अपमान केला नव्हता. सगळ्यांचं चाखलं होतं.

यादीत उरलं एकच इंजेक्शन. मारुतरावांच्या साळूबाईंचा धीर सुटला. “डॉक्टर, ह्ये तरी लागू पडंल का? माज्या कुंकवाचा सवाल हाय वो.”

“पडेल. पण मावशी, याच्यापुढं माझ्याकडं काही न्हाई.”

इंजेक्शनं दिली, ऑपरेशन झालं, मारुतराव वाचले. आम्हाला खरोखर रडू आलं. घरी निघताना साळूबाईंच्या पिशवीत त्याच इंजेक्शनची एक बाटली उरलेली निघाली.

“टाकू नगंस गं,” शेवंताबाई म्हणाल्या, “आमच्या चांगदेवाचं गळू लई ठसठसतंय.”

साळूबाईंनी लगेच दिली. उपकार ठेवून घ्यायची आमच्यात पद्धत नाही.

तुम्ही खुशाल हसा. फक्त तुमच्या फ्रिजच्या दारात गोळ्यांची जी अर्धी पट्टी पडलीय, तिचं नाव तेवढं कळवा. आमच्याकडं ती अजून आलेली नसावी.