पुरवणीचा दोरा आणि शंभर टक्के प्रगती

कानडी मुलखातल्या जे. पी. नगरच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षकांच्या प्रगतीसाठी ‘ज्ञानझेप’ नावाचे ऑनलाइन व्यासपीठ दाखल झाले, तेव्हा ही प्रगती आजवर झालीच नव्हती हे प्रथमच उघडकीस आले. परिपत्रक निःसंदिग्ध होते: शुक्रवारपर्यंत बावन्न पाठ न पाहणाऱ्या शिक्षकाकडून दहावीचा वर्ग काढून घेण्यात येईल.

वसुमतीबाई तेवीस वर्षे दहावीला गणित शिकवत होत्या. वर्ग त्यांना जाऊ द्यायचा नव्हता. त्या निमूट संगणकासमोर बसल्या. पहिला पाठ चाळीस मिनिटांचा होता: ‘विद्यार्थ्याला वेळ कसा द्यावा’. माउस तीन मिनिटे हलला नाही, तर शिक्षक झोपला असे गृहीत धरून पाठ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

दहाव्या मिनिटाला दहावीतली संहिता वही घेऊन दारात उभी. “टीचर, स्पर्शिकेचं गणित अडलंय. स्वल्प, थोडं सांगता?”

बाईंनी फळ्यावर आकृती काढून सांगितले. परत येऊन पाहतात तो पाठ पहिल्यापासून. असे चारदा झाले. पाचव्यांदा बाई संहितेवर खेकसल्या, “दिसत नाही, मी विद्यार्थ्यांना वेळ द्यायला शिकतेय?” पोरगी गेली, आणि बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

संस्कृतचे भीमाचार्य हे सारे पाहत होते. त्यांनी कपाटातून परीक्षेत पुरवण्या बांधायचा पांढरा दोरा काढला. एक टोक माउसला, दुसरे मान हलवणाऱ्या टेबलफॅनला बांधले. पंखा वळला, माउस सरकला.

“सरी, झालं! अक्का, तुम्ही जावा वर्गावर. प्रगती हा करतो.”

बाई गेल्या. आठवडाभर त्यांनी मन लावून शिकवले, आणि संहितेला स्पर्शिका कळली.

शुक्रवारी ज्ञानझेपच्या कंपनीचा अमित अहवाल घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत आला. त्याने बाईंना बोलावून घेतले.

“मॅडम, अमेझिंग! बावन्न पाठ, पहिला दिवस सोडला तर एकदाही ब्रेक नाही. पूर्ण शहरात तुम्ही टॉप!”

मुख्याध्यापक गहिवरले. “इतकी गुणी शिक्षिका वर्गात वाया घालवणं बरं नव्हे. उद्यापासून तुम्ही ज्ञानझेपच्या समन्वयक. दहावी रेकॉर्ड केलेल्या पाठांवर शिकेल.”

खोटेपणा उघड झाला तर नोकरी जाईल, न झाला तर वर्ग. त्यांनी नोकरी पणाला लावली. “अहो, ती मी नव्हे. तो पंखा होता!”

अमितने पडद्यावर वरपासून खालपर्यंत शोधले. “सिस्टिममध्ये पंखा नाहीये, मॅडम.”

“या थोर माणसांचा विनय पाहा,” मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी सही केली.

त्याच दुपारी ज्ञानझेपवरच्या पालकांच्या ग्रुपवर बारा पानी सूचना गेली: दहावीला यापुढे गणिताच्या बाई नाहीत, कारणे सोबत जोडली आहेत. चार मिनिटांत दोनशे अंगठे आले. त्यांत, पालकहो, तुमचाही होता. बारा पाने एकानेही उघडली नाहीत, अशी सिस्टिममध्ये नोंद आहे. अंगठे देणारे पंखे मात्र तिला अजून ओळखता येत नाहीत.