धुरातलं सोनं

अबे, ऐक फक्त! मधात तोंड घालू नको. दारव्ह्याच्या सराफा लायनीतली गोठ हाये, कापसाले कोनी हुंगून नाही राह्यलं, त्या यंदाच्याच सालची.

रामरावचा अक्षय नुकताच बीएस्सी झालता, केमिस्ट्री घेऊन. बोले असा, का पृथ्वीवरची हवा जशी यानंच भरली! रामरावचे दोस्त कमलाकरकाका तीस वर्सांपासून जुने दागिने गाळून सोनं शुद्ध करून देत. दागिना तेजाबात उकळला का लाल धूर निघे, अन् वरच्या माडीतल्या विमलताई खोकून खोकून बेजार! त्याइनं अर्ज देल्ला. पालिकेची नोटीस आली : बुधवारी साहेब येतीन, लाल धूर दिसला तर कुलूप!

काका अक्षयपुढं खालीच बसले. "मले दुसरं काहीच येत नाही रे, बाबू."

"काकाजी, मी हावो ना! धूर धुऊन टाकतो!"

"धूर कसा धुतेत बे? ते काय धोतर हाये?"

पन पोट्ट्यानं करून दाखोलं! काकाच्या दुकानामागच्या आंगनात प्लास्टिकचा मोठा ड्रम मांडला. खालून धूर, वरून कूलरच्या पंपानं चुन्याचं पानी, अन् मधात ठासून कापूस. कापूस बापाचाच. रामराव म्हने, "घेऊन जाय. नाहीतर उंदरंच लोळून राह्यले त्याच्यावर."

सोमवारी भट्टी लावली. खालून लाल धूर गेला, वरून निस्ती पांढरी वाफ! काकाइनं डोळे पुसले. इथंच थांबाचं होतं ना बे अक्षयनं!

माडीवरून विमलताई वाकल्या. "काहून रे, त्या ड्रमात काय राह्यते मंग?"

अक्षयची छाती फुगलेलीच होती. "ताई, धुरासंगं सोन्याचे कन उडतेत! आजवर तुमी खोकलून बाहेर टाकलं ते सोनंच होतं! आता सारं त्या कापसात बसन!"

विमलताई न खोकता शेजारनीच्या गच्चीकडे पळाल्या. आयुष्यात पहिल्यांदा! तेव्हाच समजाले पाह्यजे होतं.

बुधवारी अक्षय साहेबाले आनाले बसस्टँडवर गेला. काका समोर दुकानात गिऱ्हाइकापाशी. आंगन रिकामं. साहेबाले आलुबोंडे खाऊ घालत, रस्ताभर आम्ल अन् चुना समजावत अक्षय वापस आला.

"लावा काकाजी भट्टी! साहेब, आता फक्त वर पाहा!"

साहेबानं वर पाह्यलं. पंप नुस्ताच घर्र घर्र! अन् ड्रमातून जो लाल धूर निघाला, तो सरळ साहेबाच्या तोंडात!

अक्षयनं ड्रमात डोकावलं. पानी नाही, चुना नाही, बूडबी खरवडलेलं! अन् कापूस? ज्या कापसाची गाडी खरेदी केंद्रावर आठ दिवस उभी होती, कोनी हात लावला नाही, तो कापूस चोरीले गेलता!

वर पाह्यते तर साऱ्या गच्च्यांवर लुगडी पसरलेली, त्याइच्यावर पिवळा कापूस वाळून राह्यला, चारी कोपऱ्याले दगड. विमलताईचं तर घमेलंबी भरलेलं!

साहेब खोकतच दुकानाले कुलूप लावून गेले. काका अक्षयले रागावले नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हनले, "धूर मस्त धुतला होता रे तू, बाबू."

दोन दिवसांनी विमलताई घमेलं घेऊन दुकानापाशी आल्या. "अक्षय, खडखडीत वाळलं. आता यातलं सोनं गाळून दे न."

"ताई, गाळाले भट्टी लागते."

विमलताईनं कुलूप हलवून पाह्यलं.

"मंग उघडवतो ना!" विमलताई म्हनल्या. अन् उघडवूनच राह्यल्या! दुसरा अर्ज लिहिला : भट्टी लवकर चालू करा. साऱ्या लायनीच्या सह्या त्याच्यावर. काकाबी रोज दुकान झाडाचा झाडू घेऊन येतेत, कुलपासमोरची पायरी झाडून जातेत.

अन् त्या कापसात गुंजभरबी सोनं नाही, हे फक्त अक्षयले माहीत हाये. खरं सांगतलं तर सह्या बंद, अर्ज गेला, काका पायरीवरच. चूप राह्यला तर भट्टी उघडते, अन् साऱ्या लायनीचे घमेले पह्यले काकाच्याच पुढ्यात येऊन पडतेत, अन् सोनं निघालं नाही का चोर काकाच ठरतेत.

आज सकाळी विमलताई अर्ज घेऊन त्याच्याच दारात आल्या. म्हने, एकच सही राह्यली, तुझी. पेन हातात घेऊन बसला हाये बिचारा.

तू असता तर काय केलं असतं बे?