मस्तगडातली आगबोट

आमच्या शेजारी नरहररावांच्या अंगणात फक्कीनं आखलेल्या चौकोनांत माणसं ओळीनं आडवी पडलेली दिसली, की मस्तगड भागातलं कुणी थांबत नसे. परगावचा माणूस मात्र थांबायचा आणि लांबूनच हात जोडायचा. तेवढ्यात त्यातलं एखादं प्रेत कूस बदलायचं, आणि तो माणूस उरलेला रस्ता पळत काढायचा.

नरहरराव आगबोटीच्या केबिनी ठरवून द्यायचे. आमच्या जालन्यात समुद्र म्हणजे मोतीतलावाचा थोरला भाऊ, एवढीच लोकांची समजूत. पण खाऊनपिऊन सुखी कुटुंबं द्वारकेला निघाली, की मुंबईहून आगबोट धरत. नरहररावांनी तरुणपणी मुंबईत एका बोट कंपनीच्या कचेरीत नोकरी केली होती. तिथल्या ओळखीवर ते इथं बसून केबिनी मिळवत. नुसत्या मिळवून गप्प बसले असते, तर त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नव्हतं. पण कुणी कुठल्या फळीवर निजायचं, हेही तेच ठरवत.

"सामान कसंबी टाका," ते म्हणत, "माणसं लावावी लागतात."

त्यासाठी ते केबिनीच्या मापाचे चौकोन अंगणात आखत आणि अख्ख्या कुटुंबाला त्यात निजवत. मग स्वतः मधे उभे राहून "लाट आली" म्हणत. सगळ्यांनी डावीकडं कलायचं. कुणाचं कोपर कुणाला लागलं, हे ते बारकाईनं पाहत.

त्यांचा खरा जीव मात्र वयात आलेल्या पोरांवर. "बारा वर्सांपर्यंत पोर आईजवळ निजतं. विशीनंतर कुठंबी निजतं. मधल्या वर्सांचं कुठंच निजत न्हाई. बोटीत गडबड होती ती त्याच्यामुळं." म्हणून ते आईबापांना ओट्यावर बसवत आणि पोरांना आत नेऊन, गूळ-शेंगदाणे पुढं ठेवून विचारत, "घरात कुणाचं घोरणं सहन होत न्हाई? आणि सध्या राग कुणावर हाय?" पोरं पहिल्या मुठीत लाजत, दुसऱ्या मुठीत सगळं सांगत.

एकदा हसनाबादचे रंगनाथ पाटील आले. बरोबर बायको सरूबाई, सोळा वर्षांचा भगवान आणि तेरा वर्षांची गोदा. मी शाळामास्तर म्हणून आणि शेजारी म्हणूनही नरहररावांच्या ओट्यावर होतो. पाटलांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं, "दोन केबिनी करा. एकीत ह्या दोघी, एकीत मी. पोरगं वर डेकवर मोकळ्यात पडंल."

"पोरगं काय गाठोडं हाय का, डेकवर टाकायला?" नरहरराव म्हणाले.

भिंतीकडं तोंड करून बसलेला भगवान गोदाला म्हणाला, "बाबांला सांग, डेकच बरा."

पाटील गोदालाच म्हणाले, "त्याला सांग, तुला कुणी विचारलं न्हाई."

तेव्हा कळलं. भगवानला पुढं शिकायला औरंगाबादला जायचं होतं, पाटलांना तो शेतावर हवा होता. गेल्या वर्षीच्या आखाजीपासून बापलेक बोलत नव्हते. सगळा व्यवहार गोदाच्या मार्फत. पोरगी बिचारी जेवताना उठून उठून दमली होती.

नरहररावांनी भगवानला आत नेलं, बऱ्याच वेळानं बाहेर आणलं आणि निकाल दिला. बापलेक एका केबिनीत. पोराला वरची फळी, बापाला खालची.

मग निजवून पाहणं सुरू झालं. पाटील फेट्यासकट चौकोनात आडवे होते. तिथूनच म्हणाले, "तोंड न्हाई पाहत आम्ही एकमेकाचं."

"बिलकुल बराबर. म्हणून तर वर-खाली. दिसत न्हाई, आवाज तेवढा येतो."

"बोलायचंच न्हाई तर आवाज कशाचा?"

"लाट आली," नरहरराव म्हणाले. पाटील मुकाट्यानं डावीकडं कलले. गोदा पोट धरून हसली.

महिन्याभरानं पाटील प्रसाद घेऊन आले. वाळलेले दिसत होते, पण खुशीत. ओट्यावर टेकत म्हणाले, "नरहरराव, काय सांगू तुम्हाला. बोट हलली तशी आतडी वर आल्ती माझी. भिंतीकडं तोंड करून पडलो. तर वरून आवाज आला, बाबा, पाणी देऊ का. मी म्हणलं, दे. मंग खाली उतरलं पोरगं. माझं डोकं मांडीवर घेऊन, पातेलं धरून बसलं. तशात भांडायचं कसं?"

"मंग?"

"मंग बोलत राह्यलो. वर्साचं साठलं होतं. औरंगाबादला ठेवून राह्यलो त्याला. शेत कुठं पळून चाललं."

पाटील गेले. नरहरराव हातात प्रसाद घेऊन तसेच बसले. एरवी केबिन साधली, की ते गल्लीभर सांगत फिरायचे.

मी विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

त्यांनी प्रसाद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, आमच्या ह्या घराला पुढं दार, मागं दार. माझं आणि पोराचं, मधूचं बिनसलं, तेव्हा त्यो सतरा वर्सांचा. मी पुढून आलो, की त्यो मागून जायचा. त्याची आई होती तवर ती दोघांचं इकडून तिकडं सांगायची. ती गेली आन् सांगणारं कुणी राह्यलं न्हाई. एक दिवस त्यो मागच्या दारानं गेला, त्यो गेलाच."

"आता कुठं असतात?"

"हैदराबादेत. नोकरी हाय, बायको हाय. ऐकून हाय मी."

जालन्याहून हैदराबादची गाडी सरळ होती, रात्रीत पोचवणारी. ते मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

आठवड्यानं ते माझ्या दारात उभे राहिले. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. "टेसनापर्यंत येता का, मास्तर?"

तिकिटाच्या खिडकीशी आम्ही उभे राहिलो. बाबूनं विचारलं, कुठं जायचं. साऱ्या जिल्ह्याला समुद्रापार धाडणारा हा माणूस. पण त्याच्या तोंडून गावाचं नाव निघेना. शेवटी मीच म्हणालो, "हैदराबाद, एक." आणि त्यांच्याकडं वळलो. "परतीचं?"

"जायचंच काढा," ते म्हणाले. "यायचं त्यो म्हणंल तवा."