तारा सोडून काहीही

"मुलगी झाली तर नाव मी ठरवणार," असं चार नंबरनं जेवताना सहज म्हटलं, आणि बायकोनं चक्क "बरं" म्हटलं. खरं तर त्यानं तिथंच सावध व्हायला हवं होतं. त्याची एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात मंजूर झाल्याचा दाखला त्या घरात नव्हता. (पडद्यांचा रंग ठरवायला दोघांना अख्खा उन्हाळा लागला होता, आणि शेवटी पडदे सासूबाईंनी आणले.)

ह्या गृहस्थाला चार नंबर का म्हणतात, ते आधी सांगायला हवं. तो विमा कंपनीत आहे, आणि त्याच्या ऑफिसात त्याच्याच नावाची आणखी तीन माणसं आहेत. हा सगळ्यांत शेवटी लागला म्हणून चौथा. फोन आला की रिसेप्शनवरची बाई विचारते, "कितवे हवेत?" शाळेतही हेच. दंगा कुणीही करो, बाईंनी नाव घेतलं की उभा राहायचा हाच. बक्षीस मात्र चुकूनसुद्धा कधी ह्याच्याकडे आलं नाही. लोक हसत, तोही हसे, पण मनातून त्याला ते फार लागत असे. आपल्या मुलीला जन्मात कुणी "कितवी?" असं विचारता कामा नये, एवढं एकच त्याला हवं होतं.

आणि घरात तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, तारा. सासूबाई म्हणायच्या, "दोन अक्षरं, हाक मारायला सोपं. जगात कुठंही जा, कुणाची जीभ अडखळायची नाही." बायकोचंही ते लहानपणापासूनचं आवडतं नाव. पण त्यांच्या इमारतीत आधीच तीन तारा होत्या. एक दुसऱ्या मजल्यावरची दाताची डॉक्टर, एक तिच्या समोरच्यांची सहावीतली मुलगी, आणि तिसरी तळमजल्यावरची कुत्री. जिन्यात कुणी "तारा!" म्हणून हाक मारली की दोन दारं उघडत आणि एक शेपूट हलत हलत वर येई.

"आपली चौथी होईल गं," तो म्हणाला होता. म्हणताना त्याचा आवाज जरा कापला. त्या दिवशी बायकोनं जे "बरं" म्हटलं, ते ह्या कापलेल्या आवाजाला. पण हे त्याला कळायला बराच वेळ लागायचा होता.

झालं, शोध सुरू झाला. अर्थ ताऱ्याचाच हवा, म्हणजे सासूबाईंचा मान राहील. नाव मात्र कुणाचंही नको. तारिका बाद, कारण ती ताराचीच धाकटी बहीण वाटते. रोहिणी बाद, त्या नावाच्या दोघी बँकेतच भेटतात. चित्रा, स्वाती ह्या त्याच्या वर्गात होत्या. (स्वातीचं नाव काढल्यावर बायकोनं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजरसुद्धा ते बाद करायला पुरली असती.) "उल्का?" त्यानं विचारलं. "उल्का पडते," बायको म्हणाली, आणि पोटावर हात ठेवून खुर्चीत नीट बसली.

शेवटी वाचनालयात एका जाडजूड शब्दकोशात त्याला हवं ते सापडलं. उडु म्हणजे तारा. त्याची प्रभा, म्हणून उडुप्रभा. त्यानं ते नाव हळूच उच्चारून पाहिलं. मग जरा मोठ्यानं. वाचनालयात एकाही मुलीनं मान वर केली नाही. ह्याहून मोठा पुरावा कुठला? चार नंबर हवेत तरंगत घरी आला.

आणि घराची पायरी चढताना त्याला घाम फुटला. हे नाव चोरीला गेलं तर?

ही शंका तुम्हाआम्हाला आली नसती. पण चार नंबरचं काम आहे क्लेम तपासायचं. कुणाचा टीव्ही पडून फुटतो, कुणाचा सोफा भिजतो, कुणाची सायकल जिन्याखालून जाते, आणि हा जाऊन बघतो की टीव्ही पडला तर गालिच्यावर काच कशी नाही, आणि सोफा भिजला तर उशा कोरड्या कशा. अशी वर्षं गेल्यावर माणसाला जग कसं दिसणार? घरातलं दूध उतू गेलं तरी तो आधी विचारी, "त्या वेळी तू नक्की कुठं उभी होतीस?"

त्यातून धाकट्या भावाच्या बायकोलाही दिवस गेलेले होते, आणि तिचा नंबर ह्यांच्या आधी लागणार होता. म्हणजे नाव उचलायला हेतूही होता आणि संधीही.

ऑफिसात एकदा आतल्या बातम्या बाहेर फुटत होत्या. तेव्हा साहेबांनी काय केलं, तर तिघांना तीन वेगवेगळ्या थापा मारल्या आणि बाहेर कुठली थाप पोचते ते पाहत बसले. चोर बरोबर सापडला. चार नंबरला ती युक्ती इतकी आवडली होती की ती कधी स्वतः वापरायला मिळेल ह्याचीच तो वाट पाहत होता.

"नाव ठरलं," त्यानं सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. "विशाखा. कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलतेय जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोटात गोष्ट राहते."

राहते म्हणणाऱ्याच्याच पोटात राहत नाही, असं चार नंबरनं मनात टिपून ठेवलं.

धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो. चार नंबरनं त्याला शिडीवरून खाली बोलावलं. "रेवती," तो कानात म्हणाला.

"कोण रेवती?" भाऊ दचकला.

"अरे, नाव! मुलगी झाली तर. घरी बोलू नकोस."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"विश्वास म्हणून," चार नंबर म्हणाला, आणि त्याचा चेहरा निरखत मागं मागं गेला तो थेट रंगाच्या डब्यात.

राहिली बायको. आता बायकोवर संशय घेणं बरं नव्हे, हे त्यालाही कळत होतं. पण ही रोज जावेशी फोनवर बोलते. तपासात नाती आड येऊ द्यायची नाहीत, असा त्याचा बाणा होता. (ऑफिसात ह्या बाण्यापायी त्याच्याबरोबर डबा खायला कुणी बसत नसे.)

तो कांदा चिरत होता तेव्हा तिनं विचारलं, "सापडलं का हो नाव?"

दोन थापा सहज जमल्या होत्या, तिसरीचा विचारच केला नव्हता. कांदा अर्धा झालेला, ती समोर उभी, आणि काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलून गेला, "तुहिना." कुठं वाचलं होतं, कधी ऐकलं होतं, देव जाणे.

 ती पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तुहिना." मग पुन्हा एकदा म्हणाली. कांदा तो चिरत होता आणि डोळे तिचे भरून आले. "छान आहे हो. खरंच, फार छान आहे."

चार नंबरनं कान टवकारले. इतक्या लवकर कबूल? जो वाद न घालता सही करतो, तिथं कुठंतरी पाणी मुरतंय, हा त्याचा नेहमीचा अनुभव. त्या दिवसापासून त्यानं बायकोवर पाळत ठेवली.

आणि पाळत फुकट गेली नाही. एकदा तो ऑफिसातून लवकर आला, तर ती आतल्या खोलीत फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. चार नंबर बूट काढून, मोजे काढून दाराला कान लावून उभा राहिला.

"नाही गं, त्यांना काही पत्ता नाही... अगं, घे तू खुशाल. मी कशाला रागावू?... हो, पण त्यांच्या कानावर आत्ता घालू नकोस. आकाशपाताळ एक करतील."

 बायकोनंच माल बाहेर काढला! आता जाऊ मुलीचं नाव तुहिना ठेवणार आणि त्या दिवशी ह्या कटाचा पर्दाफाश होणार. दुःखात त्याला एकच समाधान होतं. खरा माल, उडुप्रभा, अजून कुलपात होता.

भावाला मुलगी झाली. चार नंबर पेढा खाण्याआधीच म्हणाला, "नाव काय ठेवलं?"

भाऊ छताकडे बघू लागला. "ठरायचंय. म्हणजे, वहिनींशी बोलून सांगतो."

"वहिनींशी? तुझ्या मुलीचं नाव? वा!" चार नंबर म्हणाला. घरी येऊन तो बायकोशी फक्त कामापुरतं बोलू लागला. तिनं दोनदा विचारलं, "काय झालंय?" तो म्हणाला, "काही नाही. योग्य वेळी समोर येईलच." ती तिकडं तोंड करून पोटाशी काहीतरी पुटपुटत बसली.

मग त्याचीही मुलगी आली. सिस्टरनं ती त्याच्या हातात दिली आणि हा सराईत तपासनीस पार गडबडला. एवढीशी, लालबुंद, मुठी आवळलेली. तिनं एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, तेही जरा संशयानंच. पोरगी माझीच, असं म्हणून तो भर वॉर्डात रडला.

त्याचं रडणं ओसरतंय तोच मंडळी येऊन थडकली. सासूबाईंनी पिशवीतून स्वतः विणलेला स्वेटर काढला. छातीवर लाल लोकरीत ठळक अक्षरं होती, विशाखा. भावानं काखेतली छोटी लाकडी पाटी काढली. निळ्या जमिनीवर पिवळ्या रंगात, सावली देऊन, रेवती.

"विशाखा कोण?" भावानं विचारलं.

"आधी रेवती कोण ते सांगा," सासूबाई म्हणाल्या.

पलंगावरून बायको म्हणाली, "आणि माझी तुहिना कुठाय?"

 सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. आता आपण बचाव केला तर संपलोच, हे चार नंबरनं ओळखलं आणि सरळ हल्ला चढवला.

"मला काय विचारता? हिला विचारा!" त्यानं भावजयीकडे बोट दाखवलं. ती बिचारी तान्ह्या मुलीला थोपटत दाराशी उभी होती. "कुठलं नाव पळवलंत, सांगा सगळ्यांसमोर! मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय!"

"तारा," भावजय म्हणाली.

"काय?"

"तारा ठेवलंय, भाऊजी. मला लहानपणापासून आवडायचं, पण ते वहिनींनी ठरवलेलं म्हणून मी बोलले नाही. तुम्हाला नको आहे कळल्यावर त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, घे."

"मग माझ्यापासून लपवलं कशाला?"

"तुम्ही चौकशी लावली असती म्हणून!" हे भाऊ, भावजय आणि सासूबाई एकदमच म्हणाले.

चार नंबरच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस बुडताना जवळ जे असेल ते पकडतो. त्याच्याजवळ एकच मौल्यवान गोष्ट उरली होती. "ठीक आहे," तो छाती काढून म्हणाला. "ही सगळी नावं खोटी होती. खरं नाव मी जिवापाड जपून ठेवलंय, चोरीला जाऊ नये म्हणून. आता ऐका. उडुप्रभा!"

 बाजूच्या पलंगावरच्या बाईनं कूस बदलली.

"हे दिवसातून कितीदा घ्यायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढ्याशा पाटीवर मावायचं नाही, दादा," भाऊ हळहळून म्हणाला.

"भाऊजी, एक सांगू?" भावजय हलक्या आवाजात म्हणाली. "चोरायचं राहू द्या, तुम्ही हात जोडून दिलं असतं ना, तरी मी घेतलं नसतं."

बायको मात्र हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे मलाही थापच मारलीत?" ती म्हणाली. "तारा माझं आवडतं नाव होतं. तुमचा आवाज कापला म्हणून मी ते सोडलं, जावेला देऊन टाकलं. आणि तुम्ही दिलेलं नाव घेऊन इतके महिने पोटातल्या मुलीशी बोलत बसले. ते तुम्ही चोर पकडायला टाकलेलं आमिष होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा चार नंबरला दुसऱ्याची एकही चूक दिसेना. त्याला फार वाईट वाटलं.  "चुकलं माझं," तो म्हणाला. "त्यातलं तुहिना तेवढं खरं मानशील का? सुचलं ते तुझ्यासमोरच सुचलं."

 तेवढ्यात सिस्टर बाळाच्या पाळण्याला लावायचं कार्ड आणि पेन घेऊन आली. "नाव ठरलंय का?"

"तुहिना," बायको म्हणाली.

"अय्या! इतक्या मुली बघितल्या इथं, पण हे नाव पहिल्यांदाच ऐकतेय," सिस्टर म्हणाली आणि लिहू लागली.

पहिल्यांदाच! चार नंबरनं अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि बायकोनं माफही केलं होतं. त्यानं खुशीत कॉलर सारखी केली.

"वडिलांचं नाव?" सिस्टरनं विचारलं.

चार नंबर पुढं झाला आणि त्यानं तोंड उघडलं.

"ते सध्या कोरं ठेवा," बायको म्हणाली. "चौकशी चालू आहे."