उलट्या रथाचे स्वारीची हकिकत

श्रीकुलस्वामिनीचे कृपेंकरोन स्मरलें तैसें लिहितों. शके सतराशें बारा, साधारण नाम संवत्सरे, माघमासीं वर्तमान ऐसें जाहलें कीं, तळ्याकांठचे एका राज्यांत लोखंडी रुळांवरी धांवणारा रथ होता. साखळी त्यास टेकडीचे माथ्यास ओढी आणि तेथोन तो आपलेच भारें वळणें घेत उतरे. त्या रथाचे कारखान्याचे मुख्य निळोपंत. महाराज वृद्ध जाहले होते आणि राणीसाहेब कैलासवासी जाहल्यापासोन थोडकेंच बोलत. एके सकाळीं तळ्यावरी धुकें पसरलें असतां त्यांनीं पंतांस बोलावून आज्ञा केली कीं, पुढें तोंड करोन बसलों म्हणजे तळें क्षणांत पाठीमागें पडतें. रथ उलटा चालवावा, म्हणजे तें नजरेसमोर राहोन हळूंहळूं दूर जाईल. राणीसाहेबांच्या अस्थी त्याच तळ्यांत सोडिल्या, हें पंत जाणत होते. म्हणोन नाहीं म्हणवेना आणि होय म्हणावयाचें भय वाटे. दिवाण भवानराव म्हणाले, रथ फिरवून ठेवावा, त्यांत काय मोठें? मग पंतांनीं समजाविलें कीं, रथाचे पोटीं आंकडा आणि चढणीस दांते आहेत, साखळी तुटली तर आंकडा दांत्यांत अडकोन रथ थांबतो. उलट्या रथाचा आंकडा दांत्यांवरोन नुसता घसरेल. आणि वळण दिसत नाहीं त्यास मान सांवरतां येत नाहीं, हिसक्यानें मोडेल. दिवाण हंसले आणि पंत भितात ऐसें महाराजांस कळविलें. महाराजांची मर्जी फिरली. पंतांनीं सामोरे जाऊन अर्ज केला, "महाराज, साखळी आजवर तुटली नाहीं, हें खरें. परंतु तुटेल ते दिवशीं रथांत आपण असाल."

मग महाराजांनीं परीक्षा करविली. माणसांच्या भाराच्या वाळूच्या गोण्या बसवून उलटा रथ अर्धे चढणीस नेला आणि पंतांनीं साखळी सोडिली. रथ धुक्यांत निःशब्द विरघळला, आणि मग तळाशीं मोठा आवाज जाहला, आणि गोण्या फुटोन वाळू बराच वेळ हवेंत तरंगत राहिली. महाराज हलकेच बोलिले, "पंत, ती माझी जागा होती."

मग पंतांनीं आंकडा उलटा घडविला आणि आसनांच्या पाठी डोक्याहून उंच करोन कापसानें मढविल्या आणि मांडीवरी दांडे बसविले आणि वेग कमी केला. पुन्हा साखळी सोडिली, तों रथ जागींच थांबला. पहिले स्वारीस पंत एकले बसले. झाडें, घरें, लोक कोणी अलगद काढोन न्यावें तैसे दूर गेले, आणि त्यांस आपण उतरतों कीं आठवतों हें कळेना.

दुसरे स्वारीस महाराज बसले, पंत शेजारीं. तळें ताटाएवढें जाहलें, मग वाटीएवढें, मग धुकें. खालीं आल्यावरी महाराज बराच वेळ उठले नाहींत. मग म्हणाले, "त्या गेल्या तेव्हां आम्ही मोहिमेवर होतों. निरोप देणें राहिलें होतें."

तात्पर्य, महाराजांनीं हुकूम केला कीं पंतांचे रुकाराविना रथ हलों नये, आज्ञा खुद्द आमची असली तरी. तेणेंकरोन त्या राज्यांत रथावरी कोणाचा घात जाहला नाहीं.