चपला उलट्या करणारे मोरेकाका

मोरेकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या चपला उलट्या करून बघतात.

ही थट्टा नाही. आमच्याकडे सत्यनारायण होता. दाराबाहेर जिन्यात तीसेक जोड पडलेले. आरती घेऊन लोक बाहेर आले, तर सगळ्या चपला पालथ्या आणि मधोमध मोरेकाका उकिडवे बसून एकेका तळावरून अंगठा फिरवताहेत. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथे तीस जोड उलटे. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून असं जुंपलं की सेक्रेटरींनी राजीनामा दिला. माझी बायको वैशाली त्या राजीनाम्याचं खापर आजही काकांच्या डोक्यावर फोडते.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. गिअर, बेअरिंग, शाफ्ट यांच्यातच हयात गेली. निवृत्त झाल्यावर हाताखाली यंत्रं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी चपला धरल्या. "यंत्र थाप मारेल, माणूस थाप मारेल," ते म्हणतात, "घासलेली जागा थाप मारत नाही. घासलंय तिथं बोलतं."

आणि ते खरंच बोलतं, निदान त्यांच्याशी तरी. तळमजल्यावरच्या सावंतांच्या मुलीला बघायला स्थळ आलं, तेव्हा काकांनी मुलाचे बूट पाहून सावंतांना कोपऱ्यात घेतलं. "पोरगा निर्व्यसनी आहे, पण उजव्या बुटाचं टोक घासलंय. पाय घासत बाईक थांबवतो. ब्रेक दुरुस्त करायचा कंटाळा." सावंतांनी मनावर घेतलं नाही. लग्न झालं, संसार छान चाललाय, पण जावईबापू अजून पाय घासतच येतात.

काका आमच्याच इमारतीत राहतात, आणि खाली माझं औषधांचं दुकान आहे. काका मला 'केमिस्ट' म्हणतात आणि संध्याकाळी काउंटरजवळच्या स्टुलावर येऊन बसतात. पूर्वी त्या वेळेला ते आणि काकू शिवमंदिराकडे फिरायला जायचे. नियम म्हणजे नियम. काकू पुढे, काका दोन पावलं मागे. लोकांना वाटायचं बायकोला घाबरतो. काका सांगायचे, "मागनं चाल दिसते."

दीड वर्षापूर्वी काकू न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि फिरणं बंद पडलं. घरात चालायच्या, पण दुसऱ्या मजल्यावरून खाली म्हणून उतरेनात. "कंबर धरते, माझं राहू द्या," एवढंच म्हणायच्या. वैशालीकडे रोज चहाला येणारी, आली की अर्धा तास हसवणारी बाई दिसेनाशी झाली. काका दर शनिवारी माझ्याकडून कंबरेच्या मलमाची ट्यूब नेत. तेल झालं, पट्टा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. मी मुकाट्याने ट्यूबा विकत होतो. काका फिरायला एकटे जात नव्हते, माझ्या स्टुलावर बसत होते, आणि बसल्या बसल्या गिऱ्हाइकांच्या चपला बघत होते.

अशाच एका संध्याकाळी उल्हासनगर कॅम्प पाचहून हरेशभाई आले. दुकानाचं फर्निचर त्यांनीच केलेलं, नवीन मांडणीचं माप घ्यायला आले होते. त्यांच्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे, जमिनीला टेकलेली, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी. हरेशभाईंचा जीव त्या गाडीत. आमच्या अरुंद गल्लीत वळवताना ती कण्हली, अडखळली आणि बेडकासारखी उड्या मारत वळली.

काका स्टुलावरून उठले. गाडीकडे न बघता खाली वाकून टायरचे तळ बघायला लागले.

"साईं, ये मत पूछो," हरेशभाई म्हणाले. "सरळ जाते तर मक्खन. वळली की रडते. डॅशबोर्डवर लाइट जळतो, खालून गरम वास येतो. एक गॅरेजवाला बोला कंप्यूटर बदलो. दुसरा बोला पीछे का शाफ्टच काढून टाक, अगले दो पे चलाव. रविवारला काढायला देतोय."

"शाफ्ट काढणार?" काकांचा आवाज चढला. "म्हणजे चार पायांच्या जनावराला दोन पायांवर नाचवणार? रविवारी गाडी माझ्याकडे आणायची. नंतर काय ते तोडा."

रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या एका बंद कंपनीसमोरच्या सपाट रस्त्यावर आम्ही जमलो. हरेशभाईंना वाटलं होतं, काका हत्यारांची पेटी आणतील. काकांनी पिशवीतून काढलं काय, तर खडू, हवा मोजायचा गेज आणि शिंप्याची टेप. हरेशभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दुकान उघडायला पळावंसं वाटलं.

काकांनी आधी चारही टायरांत हवा सारखी करून घेतली. मग प्रत्येक टायरला जमिनीला टेकतं तिथे खडूची रेघ मारली. "आता ढकला. सरळ. मी म्हणेन तिथं थांबा." मी आणि हरेशभाई ढकलत होतो, काका मागच्या चाकाबरोबर वाकून चालत फेरे मोजत होते. दहा फेरे झाले. मागच्या चाकांच्या रेघा बरोबर जमिनीला टेकल्या होत्या. पुढच्या चाकांच्या रेघा तळ ओलांडून वीतभर पुढे गेल्या होत्या.

"मागचे टायर कधी बदलले?"

"पिछले साल," हरेशभाई म्हणाले. "आगेवाल्यात माल बाकी होता ना, म्हणून फक्त दोन बदलले."

काकांनी टेपने चारही टायरांचे घेर मोजले आणि हरेशभाईंना दाखवले. "पुढचे झिजलेत, म्हणजे लहान झालेत. तेवढ्याच रस्त्याला त्यांना जास्त फिरावं लागतं. आता ह्या गाडीच्या पोटात, पुढच्यामागच्यांना ताकद वाटून द्यायला मध्ये एक बसलाय. वळणावर थोडा फरक पडतो, तेवढा तो सांभाळून घेतो, त्याचं कामच ते. पण सरळ रस्त्यावरसुद्धा हे दोघं सारखे चालेनात, तर तो चोवीस तास सांभाळतच बसणार. तापणार, आखडणार. मग वळताना बोंबलतो, आणि तुम्ही सगळे म्हणता मधलाच खराब. दुखतं तिथं दोष नसतो, साईं. पाय लहानमोठे झाले की…"

इथे ते थांबले. टेप हातात तशीच लोंबत होती. हरेशभाईंनी दोनदा "काका?" केलं.

"केमिस्ट," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी वर्षभर मधल्यालाच तेल लावत बसलो रे."

आणि गाडी, हरेशभाई, मी, सगळं तिथेच टाकून ते रिक्षा पकडून घरी गेले.

झालं काय ते मला काकूंनी नंतर सांगितलं. काका घरात आले ते टेप घेऊनच. काकूंना पलंगावर सरळ झोपवलं आणि दोन्ही पाय मोजले, एकदा नाही, चारदा. डावा अर्धा इंच कमी भरला. दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनीही मोजून तेच सांगितलं आणि चपलेखाली तेवढी पट्टी लावा म्हणाले. ऑपरेशनच्या वेळी 'थोडा फरक राहील' असं कुणीतरी बोललं होतं. काकूंच्या ते लक्षात होतं. "पण लंगडत खाली उतरले असते, तर हे मागनं चाल बघत बसले असते," त्या म्हणाल्या. "मला ते नको होतं."

हरेशभाईंनी चारही टायर एकाच जातीचे, एकदम नवे घातले. उड्या थांबल्या, लाइट विझला. अगदी घट्ट वळणावर अजून थोडी कुरकुरते. काका म्हणाले, "मधल्यानं वर्षभर सोसलंय. थोडं दुखत राहणारच. पण चालेल." हरेशभाईंनी काय देऊ विचारलं, तर काकांनी जुन्या टायरांपैकी एक मागितला. हरेशभाई मला हळूच म्हणाले, "साईं, दिमाग तेज आहे, पण थोडा सटकेला आहे ना?"

तो टायर घेऊन काका स्टेशनजवळच्या चांभाराकडे गेले. मी बरोबर होतो. पिशवीतून त्यांनी काकूंच्या चपला काढल्या. ऑपरेशननंतर घेतलेल्या, कोऱ्या करकरीत. टायरच्या कडेचा तुकडा डाव्या चपलेखाली बसवायचा होता, बरोबर अर्ध्या इंचाचा. चांभार कापत होता, काका टेप लावून तपासत होते, चांभार वैतागत होता.

"साऱ्या गावाच्या चपला बघितल्या," काका म्हणाले, "आणि घरातल्या दाराशी पडलेल्या बघायच्या राहिल्या. घासल्याच नव्हत्या ना. बोलणार कुठून?" त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. वर्षभर मलम मीच विकलं होतं.

त्यानंतर शनिवारची ट्यूब हळूहळू बंद झाली. काकू आधी पहिल्या मजल्यापर्यंत उतरल्या, मग खाली, मग कोपऱ्यापर्यंत. काका दोन पावलं मागे. संध्याकाळी माझं स्टूल रिकामं राहायला लागलं, आणि खरं सांगतो, मला करमेना.

परवा दुपारी जेवायला वर गेलो, तर आमच्या दाराशी काका उकिडवे बसलेले. आतून काकूंचं आणि वैशालीचं हसणं ऐकू येत होतं. काकांच्या पुढ्यात काकूंच्या चपला उलट्या पडल्या होत्या आणि ते दोन्हींवरून अंगठा फिरवत होते.

"बघ केमिस्ट," ते म्हणाले. "दोन्ही सारख्या घासल्यात."

मीही अंगठा फिरवून पाहिला. मला काही कळलं नाही, पण मी मान डोलावली. एवढ्यात वैशाली दारात आली. उलटी चप्पल दिसली की बोलता बोलता पायाने सरळ करायची तिला सवय आहे. मीच सरळ करायला वाकलो.

"राहू द्या तशाच," ती म्हणाली. "त्यांचं बघून होऊ दे."