न धावलेल्या गाडीचा माग

जी गाडी कधी तयारच झाली नाही, ती कधी बिघडत नाही. मोटारींच्या इतिहासातले हे मूलभूत सत्य आहे. अशा गाडीला पेट्रोल लागत नाही, तिचा टायर बसत नाही आणि ऐन चढावर ढकलण्यासाठी शेजाऱ्यांना हाका माराव्या लागत नाहीत. या सत्याचा पुरता अर्थ जगात फार थोड्यांना उमगला. त्यांपैकी पाच जण कोल्हापुरात राहत होते आणि त्यांनी १९७१ साली 'करवीर संकल्पित मोटार प्रतिकृती संग्राहक मंडळ' स्थापन केले.

संकल्पित मोटार म्हणजे काय, हे मंडळाच्या घटनेत स्पष्ट केले होते. परदेशातले मोटार कारखाने अधूनमधून केवळ प्रदर्शनात मांडण्यासाठी एखादी गाडी बनवतात. तिला विमानासारखे पंख असतात, छत काचेचे असते, दारे वरच्या बाजूला उघडतात. लोक भोवती गर्दी करतात, फोटो छापून येतात, आणि मग कारखाना नेहमीचीच चौकोनी गाडी विकायला काढतो. प्रदर्शनातली गाडी यथावकाश मोडीत जाते. मागे उरते ती एखाद्या खेळण्यांच्या कंपनीने काढलेली, पंजात मावणारी तिची धातूची प्रतिकृती. मंडळ गोळा करी त्या या प्रतिकृती. त्यातही मूळ गाडी १९६० पूर्वीची असावी लागे. (त्यानंतरच्या गाड्या प्रत्यक्षात तयार होण्याचा धोका अजून पुरता टळलेला नाही, असे मंडळाचे मत होते.)

पाच सभासदांपैकी एकाकडेही मोटार नव्हती. त्यामुळे चर्चेला एक प्रकारची निःपक्षपाती उंची येत असे.

अध्यक्ष अप्पा बिडकर हे निवृत्त उपअभियंता होते. त्यांच्या कारकिर्दीत तीन पुलांचे आराखडे मंजूर झाले होते आणि एकही पूल झाला नव्हता, तेव्हा या पदासाठी दुसरे नाव कोणी सुचवलेच नाही. चिटणीस होते नृसिंहराव हेर्लेकर, एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. मंडळाचा सारा भार त्यांच्यावर होता. शोध-समिती तेच होते. शोध-समितीचा अहवाल निवड-समितीकडे जाई, तिथेही तेच असत, पण तेव्हा शेजारी अप्पा बसलेले असल्यामुळे ते स्वतःच्या अहवालावर अवघड प्रश्न विचारीत.

मंडळाच्या मते संग्रह करणे हे दुय्यम काम होते. खरे काम माग काढण्याचे. बोटीवरून परतलेला खलाशी, मिशनच्या दवाखान्यातून मायदेशी गेलेल्या मडमेचे मागे राहिलेले सामान, संस्थानी घराण्याच्या लिलावातला खेळण्यांचा डबा, आखातातून सुट्टीवर आलेला जावई, यांतल्या कोणाकडे काय असेल याचा नेम नसतो. सात वर्षांत मंडळाने एकशे बारा माग काढले. त्यांपैकी एकोणचाळीस ठिकाणी साबणदाणी निघाली. चौदा ठिकाणी इस्त्री निघाली. एके ठिकाणी तर खरीच मोटार निघाली, पण ती रंकाळ्याच्या रस्त्यावर रोज धावत असल्याने विचारात घेता आली नाही. संग्रहयोग्य प्रतिकृती सहा मिळाल्या. हे प्रमाण अप्पांना समाधानकारक वाटे. पुलांच्या मानाने ते फारच चांगले होते.

आणि तरीही नृसिंहराव सुखी नव्हते, कारण त्यांच्याकडे 'सिकोन्या' नव्हती.

सिकोन्या ही १९५४ सालची इटालियन गाडी. नावाचा अर्थ करकोचा. रंग कच्च्या कैरीचा, पुढच्या चोचीत एकच दिवा. तिचा फोटो त्यांना एका रद्दीच्या दुकानात मिळाला होता आणि त्या दिवसापासून त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये मधला कप्पा रिकामा होता. खाली नावाची पट्टी मात्र लागलेली. पाहुण्यांना ते बाकीच्या गाड्या भराभर दाखवीत आणि या रिकाम्या जागेपाशी थांबत.

त्यांच्या पत्नी श्यामलाबाई कसबा बावड्याच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बावड्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची माळ लागे आणि सिटी बस त्या माळेतला शेवटचा मणी होई. बाई बसमध्ये उभ्या राहत. पुढे गुडघे बोलू लागले, तेव्हा डॉक्टरांनी फार वेळ उभे राहू नका असे सांगितले. (वर्गातही त्या उभ्याच असत, हे डॉक्टरांनी विचारात घेतले नव्हते.) त्यांच्या साऱ्या आशा एका स्कूटरवर होत्या. स्कूटरसाठी त्या काळी नंबर लावावा लागे. मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा हेर्लेकरांनी नंबर लावला होता. तिने मॅट्रिकचा फॉर्म भरला त्या आठवड्यात तो लागला.

नेमक्या त्याच आठवड्यात नेसरीहून खबर आली. तिथल्या लालासाब नावाच्या अंड्यांच्या व्यापाऱ्याकडे, रेडिओवर, हिरवी, चोचीची एक मोटार आहे म्हणे.

नृसिंहराव पहिल्या एसटीने गेले. खबर खरी होती. गाडी काचेच्या पेटीत होती आणि पेटीवर विणलेला रुमाल होता. लालासाबची बायको लालबी हिचा भाऊ बोटीवर खानसामा होता, त्याने ती पाठवली होती. लालबीने याबाबत आपली बाजू मांडली. "शिलाई मिशीन धाड म्हनून सांगितलं हुतं," ती म्हणाली. "तर ह्ये धाडलं. म्या त्याला हात बी लावला न्हाय अजून."

हात लावला नाही हे ऐकून नृसिंहरावांना गहिवरून आले. मंडळाच्या लेखी प्रतिकृतीचा अस्सलपणा एकाच गोष्टीवर ठरे. तिचे चाक कधी फिरलेले नसावे. जी मोटार धावूच शकली नाही तिची प्रतिकृती धावली, तर मूळ गाडीचा तो उपमर्द होतो, असे अप्पांचे म्हणणे होते. कारखान्यातून निघताना चाकांवर एक तेलकट, पांढुरका थर असतो. नृसिंहरावांनी भिंगातून पाहिले. थर शाबूत होता.

ते पुन्हा गेले. नंतरही दोनदा गेले. प्रत्येक वेळी लालासाब चहा पाजी, उकडलेली अंडी पुढे ठेवी, पाऊसपाण्याचे विचारी आणि पैशांचा विषय निघाला की बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडून येई. त्याला मोटारींच्या इतिहासाची गंधवार्ता नव्हती. त्याला एवढेच कळत होते की ज्या वस्तूसाठी शहरातला साहेब चार वेळा एसटीचे धक्के खात येतो, ती वस्तू रेडिओवर ठेवण्यापुरती नाही. चौथ्या खेपेला तो बोलला.

"पावणं, पैसं नगोत. तुमास्नी स्कूटरचा नंबर लागलाय म्हनं."

ही माहिती त्याला खुद्द नृसिंहरावांनीच पहिल्या भेटीत कौतुकाने दिली होती.

"सायकलवरनं गडहिंग्लजला अंडी न्यायची म्हंजे वाटंतच निम्म्याचं आमलेट हुतंय," लालासाब म्हणाला. "स्कूटरचं काय असंल त्ये पैसं मी भरतो. तुमी फकस्त गाडी उचला आनि हिकडं आना. ही घिऊन जावा. मोटारीला स्कूटर. तुमचाच फायदा हाय की."

परतीच्या एसटीत नृसिंहरावांनी या प्रस्तावाचा शांतपणे विचार केला. स्कूटर आज नवी असते, उद्या जुनी होते. सिकोन्या पंचवीस वर्षांची असून नवी होती. स्कूटर कोल्हापुरात शेकड्यांनी होत्या, सिकोन्या करवीर, पन्हाळा आणि हातकणंगले या तिन्ही तालुक्यांत मिळून एकही नव्हती. शिवाय स्कूटर पडली तर माणसाला लागते. सिकोन्यावरून आजवर कोणी पडल्याची नोंद नव्हती. गडहिंग्लज सुटेपर्यंत विचार झाला होता, निपाणीपर्यंत त्यांना झोपही लागली.

गुरुवारच्या बैठकीत चिटणिसांच्या या त्यागाबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यानंतर त्यांनी घरी सांगितले.

श्यामलाबाई तांदूळ निवडत होत्या. "मग मी बावड्याला कशी जाऊ?" त्यांनी विचारले.

"आत्तापर्यंत जातच होतीस की."

बाईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला आणि पुढे काही बोलल्या नाहीत. नृसिंहरावांनी ती संमती धरली. कचेरीत उत्तर न आलेल्या पत्रांबाबत हीच पद्धत होती.

ठरल्याप्रमाणे स्कूटर नेसरीला पोचली आणि सिकोन्या कोल्हापुरात आली. एसटीत नृसिंहराव सारा वेळ उभे राहिले, कारण सीटवर पेटी होती. घरी आल्यावर त्यांनी ती मधल्या कप्प्यात ठेवली, आत्यंतिक आनंदात आंघोळ केली आणि संध्याकाळच्या समारंभासाठी पेढे आणायला बाहेर पडले.

आता कोल्हापुरातली एक रीत सांगायला हवी. घरात नवे वाहन आले, मग ते सायकल असो की ट्रॅक्टर, की त्याला हळदकुंकू लागते, हार पडतो, नारळ फुटतो आणि चाकाखाली लिंबू ठेवून वाहन त्यावरून नेले जाते. लिंबू चिरडल्याशिवाय गाडी लागू होत नाही. श्यामलाबाईंनी हे सारे साहित्य स्कूटरसाठी आणून ठेवले होते. झेंडूची फुले सुकायला लागली होती.

त्यांनी पेटी उघडली. देव्हाऱ्यापुढे पाट मांडला, त्यावर सिकोन्या ठेवली, चोचीवर करंगळीने कुंकू लावले आणि तीन झेंडूंचा हार घातला. लिंबू अख्खे ठेवले असते तर गाडीच त्याखाली गेली असती, म्हणून त्यांनी पातळ फोड केली. ती चाकाखाली ठेवली आणि अंगठ्याने गाडीला हलकेच पुढे ढकलले. मग पुन्हा मागे घेतली. मग, एवढे झालेच आहे तर, आणखी थोडी पुढे नेली.

संध्याकाळी सभासद जमले. अप्पांनी छोटेसे भाषण केले. स्वप्न आणि वास्तव यांत वास्तव नेहमीच कसे कमी पडते, यावर ते भावपूर्ण बोलले. मग त्यांनी भिंग काढून चाकांजवळ नेले आणि बराच वेळ ते तसेच धरून ठेवले. पांढुरका थर गेला होता. पुढच्या चाकाचा रंग आंबट खाऊन फुगला होता आणि आत एक बी अडकली होती.

"नृसिंहराव," अप्पा हळू आवाजात म्हणाले, "ही धावली आहे."

नृसिंहरावांनी भिंग घेऊन स्वतः पाहिले. श्यामलाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"मी चालवली," त्या म्हणाल्या. "घरात गाडी आली की लिंबावरून न्यायचीच असते. देव्हाऱ्यापासून मोरीपर्यंत नेली. छान पळते हो. साखर कमी झाली असेल तर सांगा."

चहा झाल्यावर विषय चर्चेला आला. एका सभासदाचे म्हणणे पडले की घरातल्या घरात झालेला प्रवास हा प्रवास मानू नये. दुसऱ्याने विचारले, मग पूजा झाली ती कशाची? पूजा वाहनाची होते. ज्या अर्थी पूजा झाली, लिंबू चिरडले आणि चाके फिरली, त्या अर्थी ही वस्तू कोल्हापूर शहरात रीतसर चालवलेले वाहन आहे. इथपर्यंत सर्वांना पटले. मग अप्पांनी एका जुन्या प्रकरणाची आठवण दिली. मंडळाच्या पहिल्याच वर्षी सहावे म्हणून आलेल्या एका कापड दुकानदार सभासदाने सेकंडहँड मोटार घेतली होती. त्याच्यावर कोणी रागावले नव्हते. पण ज्याच्याकडे चालणारी मोटार आहे त्याची न चालणाऱ्या मोटारींवरील निष्ठा संशयातीत राहत नाही, म्हणून त्याचे सभासदत्व संपुष्टात आणले गेले होते. न्याय सर्वांना सारखा.

ठराव नृसिंहरावांनीच लिहून घेतला. चिटणीस तेच होते. 'श्री. हेर्लेकर हे आता मोटारमालक झाल्यामुळे' हे शब्द त्यांनी स्वतःच घातले आणि अक्षर चांगले आले होते.

सभासद गेल्यावर नृसिंहरावांनी शोकेसच्या मधल्या कप्प्याखालची पट्टी सरळ केली. मग आत गेले. श्यामलाबाई उद्याच्या तासाच्या वह्या तपासत होत्या.

"गुडघे कसे आहेत?" नृसिंहरावांनी विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच उपस्थित झाला होता.

"उभे आहेत," बाई म्हणाल्या आणि वहीचे पान उलटले.

सकाळी त्या नेहमीच्या बसने बावड्याला गेल्या. पुढे उसाच्या गाड्या होत्या. लालासाब त्या वेळी गडहिंग्लजला पोचलाही असेल, आणि अंडी शाबूत.

हा वृत्तांत वाचून ज्यांना हसू आले त्यांनी कृपया एक काम करावे. उठून आपल्याच बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटापाशी जावे. तिथे लग्नात आलेला, सोनेरी काठाचा कपबशांचा सेट असेल. आजवर त्यातून चहा कोण प्यायले, ते आठवून पाहावे. तुमची आई आली तेव्हा तुम्ही रोजचेच कप काढलेत. बहीण आली तेव्हाही. तिला घाई होती म्हणे. कोणी तरी त्या लायकीचे येईल म्हणून तुम्ही थांबला आहात आणि ज्यांना चहा हवा होता ते एकेक करून पिऊन गेले, काही तर कायमचेच. एक बशी उलटी करा. दुकानाचे लेबल अजून तिथेच असेल.

मंडळात चिटणिसाची जागा रिकामी आहे. अर्ज करण्याची तसदी घेऊ नये, तुमचे नाव आधीच मंजूर झाले आहे. अप्पा मागे एकदा तुमच्याकडे आले होते, तेव्हा चहा पिता पिता त्यांचे लक्ष त्या कपाटाकडेच होते.